नियम मोडलेलं पाणी

लेकीकडे न्यू जर्सीला टपाल रोज येतं आणि त्यातलं बहुतेक दारातूनच कचऱ्यात जातं. पिझ्झ्याची कुपनं, छप्पर बदलून देणाऱ्यांच्या जाहिराती, गाडीच्या विम्याची आमिषं. २०२४ च्या नोव्हेंबरात मी तिच्याकडे होतो, तेव्हा हे टपाल चाळायचं काम आपसूक माझ्याकडे आलं. निवृत्त बापाला परदेशात एवढीच नोकरी मिळते. एका दुपारी त्या गठ्ठ्यातून एक साधा पांढरा कागद निघाला, पाणीपुरवठा करणाऱ्यांचा. मथळ्यात ‘ड्रिंकिंग वॉटर’ आणि ‘व्हायोलेशन’ हे शब्द एकाच ओळीत.

मी बसून वाचला. पीएफओए नावाचं रसायन पाण्यात राज्याच्या मर्यादेपेक्षा जास्त सापडलं होतं. मर्यादा एका लिटरमागे १४ नॅनोग्रॅम. वर्षाची सरासरी त्याच्या जरा वर गेली होती. खाली लिहिलं होतं की ही आणीबाणी नाही, असती तर तुम्हाला चोवीस तासांत कळवलं असतं. हे वाक्य मी दोनदा वाचलं. इतकं सरळ आणि इतकं थंड वाक्य आपल्याकडच्या सरकारी कागदावर मी कधी पाहिलं नव्हतं.

“बाबा, येतात तशी पत्रं,” लेक म्हणाली. “फिल्टर आहे आपल्याकडे.” आणि तिने चहाचं आधण ठेवलं.

मी उभी नोकरी पाणी तपासण्यात काढली, जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत. आमच्याकडे गावाला कार्ड मिळतं. पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा पाण्याच्या जागांचं सर्वेक्षण होतं. गळकी पाइपलाइन, विहिरीभोवतीचं डबकं, पाण्यात टाकायच्या टीसीएलचा साठा असं सगळं बघून ग्रामपंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड देतात. लाल कार्ड आलं की सरपंच चार दिवस आमच्याशी नीट बोलत नाही. पण ते कार्ड कपाटात जातं. हंडा घेऊन नळाला उभ्या असलेल्या बाईच्या नावाने पत्र जात नाही. इथे मात्र घराघरात कागद आला होता आणि कागद म्हणत होता, नियम मोडला गेलाय. कुठला नियम, तो कोणी केला, आणि पाण्याने नियम मोडला असं माणसं कधीपासून म्हणू लागली? त्या मुक्कामात मला दुसरं काही काम नव्हतं.

शोधत मागे जाता जाता मी पोचलो त्याच राज्यातल्या एका कोर्टात. १८९९ मध्ये जर्सी सिटीने पाण्यासाठी खासगी करार केला. शहरापासून दूर, मॉरिस काउंटीत, रॉकअवे नदी अडवून बूनटनला धरण बांधायचं आणि पाणी नळाने शहरापर्यंत आणायचं. (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा, आकाराने बहुतेक वेळा तालुक्याएवढा.) धरणात जुनं बूनटन नावाचं लोखंडकामाचं गाव बुडालं. कोयना आणि उजनी पाहिलेल्या माणसाला ते वाचून आश्चर्य वाटत नाही. १९०४ मध्ये पाणी सुरू झालं. करारात दोन विशेषणं होती: पाणी शुद्ध आणि आरोग्याला हितकर असेल. पैसे चुकते करायची वेळ आली तेव्हा शहर म्हणालं, हे पाणी तसं नाही. प्रकरण कोर्टात गेलं.

म्हणजे ज्याला आज व्हायोलेशन म्हणतात त्याचा हा पूर्वज साधा करारभंग होता. त्यात आकडा नव्हता, मर्यादा नव्हती. दोन विशेषणं आणि दोन्ही बाजूंचे वकील. न्यायाधीशांना असं दिसलं की पाणी एरवी चांगलं असतं, पण वर्षातून दोन-तीनदा मोठा पाऊस झाला की वरच्या गावांची घाण वाहून जलाशयात येते आणि त्या दिवसांत पाणी करारात बसत नाही. १९०८ च्या जूनमध्ये निकाल आला की कंपनीने वरच्या गावांसाठी गटारं बांधावीत, नाहीतर दुसरा काही उपाय करावा.

त्या ‘दुसऱ्या काही उपाया’त डॉ. जॉन लील शिरले. ते कंपनीचे आरोग्य सल्लागार. त्यांचे वडीलही डॉक्टर. यादवी युद्धात सैन्याबरोबर असताना त्यांना जी हगवण लागली तिने मरेपर्यंत पिच्छा सोडला नाही. लीलनी जॉर्ज फुलर या अभियंत्याला हाताशी धरलं आणि ९९ दिवसांत बूनटनला एक छोटं केंद्र उभं केलं. २६ सप्टेंबर १९०८ पासून जर्सी सिटीच्या सगळ्या पाण्यात ते ब्लीचिंग पावडरचं द्रावण थेंबाथेंबाने सोडू लागले. कोणालाही न विचारता. पिण्याच्या पाण्यात रसायन घालणं त्या काळी पाप समजलं जाई, त्यामुळे विचारलं असतं तर ‘नाही’ हेच उत्तर आलं असतं.

ब्लीचिंग पावडर म्हणजे आपली टीसीएल, दुसरं काही नाही. माझ्या लहानपणी गावातल्या आडात शिपाई ती टाकायचा, तेव्हा दोन दिवस चहालाही तोच वास. नोकरीत लागल्यावर तिची पोती मोजली. ताज्या पोत्यात ३३ टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतो आणि तोंड उघडं राहिलं की महिन्याभरात चुन्याशिवाय फारसं काही उरत नाही. जलसुरक्षक नळाच्या पाण्यात ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकून पिवळा रंग येतो का बघतो. या सगळ्या खटाटोपाचा उगम एका खटल्यात कंपनीची बाजू सावरण्यासाठी काढलेल्या तोडग्यात आहे, हे मला साठी ओलांडल्यावर कळलं.

शहराने पुन्हा आक्षेप घेतला. सेजविक आणि व्हिपल हे तेव्हाचे नावाजलेले तज्ज्ञ शहराच्या बाजूने साक्षीला उभे राहिले. लीलना विचारलं गेलं की हे पाणी तुम्ही स्वतः प्याल का, बायकोमुलांना द्याल का. त्यांनी सांगितलं की जगातलं सगळ्यात सुरक्षित पाणी हेच आहे. १९१० मध्ये कोर्टाने ते मान्य केलं आणि पुढच्या काही वर्षांत देशभर शहराशहरांत क्लोरीन गेला.

पण करारभंग झाला तो एका शहराचा. देशाचा नियम व्हायला गाडी लागली, रेल्वेची.

अमेरिकेचं केंद्र सरकार शहरांना पाणी कसं द्यावं हे सांगू शकत नव्हतं. तो राज्यांचा अधिकार. मात्र एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणारा माल, माणसं आणि त्यांच्याबरोबर जाणारे रोग हे केंद्राच्या हद्दीत येत. कॅन्सस राज्याचे आरोग्य अधिकारी डॉ. सॅम्युअल क्रम्बाइन यांनी गाडीच्या डब्यात एक दृश्य पाहिलं. क्षयाचे रोगी पाण्याच्या टाकीशी टांगलेल्या पेल्यातून प्यायले आणि त्यांच्यामागून एक लहान मुलगी त्याच पेल्याने प्यायली. आपल्या पाणपोईवर साखळीने बांधलेला जर्मनचा पेला असायचा, तसाच तो. १९०९ मध्ये कॅन्ससने सामाईक पेल्यावर बंदी घातली. १९१२ मध्ये केंद्राने आंतरराज्य गाड्यांमधून तो पेला काढून टाकला. कागदी पेल्याचा धंदा त्यावर उभा राहिला.

पेला गेला, मग लोकांचं लक्ष टाकीतल्या पाण्याकडे गेलं. ते पाणी वाटेतल्या कुठल्यातरी गावात भरलेलं असे आणि त्या गावातला विषमज्वर दोन राज्यं ओलांडून पुढे पोचे. म्हणून २१ ऑक्टोबर १९१४ रोजी पिण्याच्या पाण्याचं पहिलं राष्ट्रीय मानक निघालं. काढलं कोणी? अर्थखात्याने. सार्वजनिक आरोग्य सेवा तेव्हा त्या खात्याच्या छत्राखाली होती. लागू होतं ते फक्त गाड्यांना आणि बोटींना. म्हणजे शिकागोच्या माणसाने घरी काय प्यायचं याबद्दल केंद्र गप्प, पण तोच माणूस गाडीत बसला की त्याच्या पेल्यातल्या जंतूंचा हिशोब वॉशिंग्टन ठेवणार.

हिशोबाची रीत मात्र माझ्या ओळखीची निघाली. पाण्याचे दहा-दहा मिलिलिटरचे पाच भाग करायचे. प्रत्येक भाग लॅक्टोज घातलेल्या मीडियाच्या नळीत. त्या नळीत आणखी एक बोटाच्या पेराएवढी नळी उलटी ठेवलेली, ड्युरॅमची. ती मीडियाने भरलेली असते, तिच्यात हवा नसते. सगळं ३७ अंशांच्या इन्क्युबेटरमध्ये ठेवायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी कोट चढवायच्या आधी आम्ही दार उघडून बघायचो, कारण दिवसभराचं काम त्यावर ठरायचं. कोलिफॉर्म जंतू असतील तर ते लॅक्टोज खातात, गॅस सोडतात आणि उलट्या नळीच्या टोकाशी बुडबुडा अडकतो, कधी मोहरीएवढा, कधी अर्धी नळी भरून. “गॅस आला का?” एवढंच साहेब विचारायचे. १९१४ चं मानक सांगत होतं की पाचांपैकी एकाहून जास्त नळ्यांत गॅस आला तर ते पाणी गाडीत भरू नये.

यात एक मेख आहे. गॅस सोडणारा जंतू बहुधा निरुपद्रवी असतो. तो माणसाच्या आणि जनावरांच्या आतड्यात राहतो, म्हणून तो पाण्यात दिसला की विष्ठा पाण्यात पोचली एवढं कळतं. थिओबाल्ड स्मिथ यांनी १८९० च्या दशकात ही युक्ती पाण्यासाठी वापरली. चोर हाती लागत नाही, अंगणात राहिलेली त्याची चप्पल तेवढी सापडते. विषमज्वराचा जंतू पकडणं तेव्हा फार अवघड होतं, चप्पल सोपी होती. पाण्याचा पहिला नियम असा चपलेवर लिहिला गेला. अनवाणी येणाऱ्या चोराचं काय, हा प्रश्न जवळजवळ ऐंशी वर्षांनी आला. तो पुढे येईलच.

मधली साठ वर्षं मी भराभर उलटतो. १९२५, १९४२, १९४६, १९६२ असं मानक सुधारत गेलं, शिसं आलं, आर्सेनिक आलं, किरणोत्सर्ग आला. राज्यांनी ते आपलंसं केलं, पण मार्गदर्शक म्हणून. केंद्राचा कायद्याचा हात अजून गाडीपुरताच. मग १९७० मध्ये एका सरकारी पाहणीचा अहवाल आला. ९६९ पाणीपुरवठा व्यवस्था पाहिल्या होत्या आणि त्यातल्या ४१ टक्के मार्गदर्शक मानकात बसत नव्हत्या. त्यात न्यू ऑर्लिन्सच्या पाण्यात कारखान्यांची रसायनं सापडल्याच्या बातम्या. १६ डिसेंबर १९७४ रोजी अध्यक्ष फोर्ड यांनी सुरक्षित पेयजल कायद्यावर सही केली. त्याखालचे पहिले आकडे २४ जून १९७७ ला अमलात आले. ज्याला कायद्याने व्हायोलेशन म्हणता येईल अशी देशभरची गोष्ट त्या दिवशी जन्माला आली. त्याआधीही पाणी घाणच होतं, पण नियम मोडत नव्हतं.

कायद्याला आधी ठरवावं लागलं की सार्वजनिक पाणी म्हणजे काय. व्याख्या अशी: किमान १५ जोडण्या, किंवा वर्षातले किमान ६० दिवस किमान २५ माणसं. मला ही व्याख्या फार आवडली, कारण तिने एका फटक्यात लाखभर अनोळखी जागा नकाशावर आणल्या. चाकांवरच्या घरांची वस्ती, महामार्गावरची खाणावळ, स्वतःची बोअर असलेली शाळा, चर्च, उन्हाळी शिबिर. देशात आज अशा सुमारे दीड लाख व्यवस्था आहेत. प्रत्येकीला राज्याची दोन अक्षरं आणि सात आकडे असा क्रमांक. कुठल्याही काउंटीची यादी काढून बघा, मोठ्या शहराचं नाव एकदा येतं आणि खाली छोट्यांची रांग. नियम मोडण्यात पुढेही बहुधा त्याच. दोनशे माणसांच्या वस्तीत पाण्याचा कारभारी म्हणजे गवत कापणारा आणि नळ दुरुस्त करणारा एकच गडी. नमुना पाठवायची तारीख त्याच्या लक्षात राहत नाही. आमच्याकडच्या पाणीपुरवठा कर्मचाऱ्याला त्याच्याशी बोलायला भाषा लागणार नाही.

आणि घरच्या खासगी विहिरीला हा कायदा लागूच नाही. तिचं पाणी कसंही असो, ते कधी नियम मोडत नाही.

कायदा होतोय तोवर क्लोरीनवरच आरोप आला. १९७४ मध्ये रॉटरडॅमच्या योहानेस रूक यांनी दाखवलं की नदीच्या पाण्यातल्या कुजक्या पाल्याशी क्लोरीनचा संयोग झाला की क्लोरोफॉर्म आणि त्याची भावंडं तयार होतात. १९७९ मध्ये त्यांच्यावर मर्यादा आली, एका लिटरला १०० मायक्रोग्रॅम, पुढे ८०. लीलनी ज्या औषधाने करारभंग मिटवला त्याच औषधाने आता नियम मोडू लागला. क्लोरीन कमी घातला तर जंतूंचा नियम मोडतो, जास्त घातला तर क्लोरोफॉर्मचा. पाणी शुद्ध करणाऱ्या माणसाच्या नोकरीत ही तारेवरची कसरत तेव्हा शिरली आणि अजून आहे.

आता तो अनवाणी चोर. १९९३ चा मार्च, विस्कॉन्सिनमधलं मिलवॉकी. शहर मिशिगन सरोवराचं पाणी पितं. शहराच्या दक्षिणेकडच्या केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा गढूळपणा अचानक वाढला. डोळ्यांना जेमतेम जाणवेल इतका, पण यंत्रावर आकडा चढला. क्लोरीन होता. गॅस येत नव्हता. त्या वेळच्या नियमांत पाणी बसत होतं. एप्रिल उजाडला तसे लोक जुलाबाने पडू लागले. शाळेत शिक्षक येईनात, दवाखान्यात परिचारिका येईनात, दुकानांतली जुलाबाची औषधं संपली. ७ एप्रिलला पाणी उकळून प्या असं जाहीर झालं. दोषी निघाला क्रिप्टोस्पोरिडियम, चार-सहा मायक्रॉनचा परजीवी, कवच इतकं जाड की क्लोरीनचं त्याला काही वाटत नाही. नंतरच्या अंदाजानुसार ४,०३,००० माणसं आजारी पडली. एड्समुळे प्रतिकारशक्ती गेलेली कित्येक माणसं मेली.

अमेरिकेत नोंद झालेली पाण्याची सगळ्यात मोठी साथ आणि त्या दिवसांच्या कागदावर मर्यादा मोडल्याची खूण नाही. हे वाचल्यावर मी पुस्तक मिटून बाहेर जाऊन आलो. मी स्वतः किती अहवालांवर ‘पिण्यास योग्य’ लिहिलं असेल, याची मोजदाद करवेना. आम्ही गॅस बघायचो. गॅस आला नाही की सही.

मिलवॉकीने कायद्यात १९९६ ची दुरुस्ती आणली. गाळणीचे नियम कडक झाले आणि लोकांना कळवायची सक्तीही. दरवर्षी १ जुलैपर्यंत प्रत्येक ग्राहकाला पाण्याचा वार्षिक अहवाल. नियम मोडला तर तीन पायऱ्या: जिवावर बेतेल असं काही असेल तर २४ तासांत, तितकं तातडीचं नसेल तर ३० दिवसांत, चाचणी चुकली किंवा उशिरा झाली असली काही कसर असेल तर वर्षाच्या आत. लेकीच्या घरचा कागद मधल्या पायरीवरचा होता. ‘आणीबाणी असती तर कळवलं असतं’ या वाक्याच्या मागे एवढी उतरंड आहे.

आणि तरी फ्लिंट घडलंच. मिशिगनमधली जेनेसी काउंटी, मोटारींच्या कारखान्यांचं शहर, कारखाने गेले तसा पैसाही गेला. डबघाईला आलेल्या शहराचा कारभार राज्याने नेमलेल्या व्यवस्थापकाकडे होता. २५ एप्रिल २०१४ रोजी खर्च वाचवायला डेट्रॉइटचं पाणी बंद करून फ्लिंट नदीचं पाणी सुरू केलं. नदीच्या पाण्यात क्लोराइड जास्त, ते लोखंड आणि शिसं खातं. त्यावर उपाय म्हणून पाण्यात फॉस्फेट घालतात. बंबाच्या आत क्षार धरतो तसा त्याचा पातळ थर पाइपच्या आतून बसतो आणि शिसं पाण्यापासून दूर राहतं. डेट्रॉइटच्या पाण्यात ते होतं. नदीच्या पाण्यात घातलंच नाही. जुना थर विरघळू लागला. नळाला तांबूस पाणी आलं. ऑक्टोबरात मोटार कंपनीने आपल्या इंजिनाच्या कारखान्यासाठी हे पाणी घेणं थांबवलं, कारण सुटे भाग गंजत होते. माणसं पीत राहिली.

नियमांचं काय? त्या उन्हाळ्यात विष्ठेचे जंतू सापडले म्हणून उकळून प्यायच्या सूचना निघाल्या. जंतू मारायला क्लोरीन वाढवला, तर २ जानेवारी २०१५ ला घराघरात पत्र गेलं की रूकच्या त्या भावंडांची मर्यादा ओलांडली आहे. शिशाबद्दल पत्र नाही.

शिशाचा नियम १९९१ चा आणि तो मुळातच वेगळ्या घडणीचा. शिसं धरणातून येत नाही, घराजवळच्या पाइपमधून येतं. म्हणून शहरातली काही घरं निवडायची, रात्रभर साचलेलं पाणी सकाळी भरून घ्यायचं, आकडे चढत्या क्रमाने मांडायचे आणि शंभरातला नव्वदावा बघायचा. तो अब्जात १५ भागांवर गेला तर शहराने हालचाल करायची. १५ ओलांडणं हे स्वतः व्हायोलेशन नाही; हालचाल न करणं हे व्हायोलेशन. वरच्या दहा घरांत कितीही शिसं असो, कायदा त्यांच्याकडे बघत नाही. फ्लिंटमध्ये २०१५ च्या पहिल्या सहामाहीत ७१ नमुने जमले होते. राज्याच्या खात्याने दोन काढायला लावले, कारणं तांत्रिक, आणि ते दोन्ही चढे होते. ६९ नमुन्यांवर नव्वदावा आकडा आला ११. शहर नियमात.

काढलेल्या नमुन्यांपैकी एक ज्या घरातला होता तिथे मार्चमध्ये ३९७ आला होता. व्हर्जिनिया टेकच्या मार्क एडवर्ड्सनी नंतर त्याच घरातले नमुने तपासले तेव्हा एका बाटलीत १३,००० च्या वर. सप्टेंबरात डॉ. मोना हॅना-अटिशा यांनी पोरांच्या रक्तातल्या शिशाचे आकडे पत्रकारांपुढे ठेवले. ऑक्टोबरात शहर डेट्रॉइटच्या पाण्यावर परतलं. दरम्यान काउंटीत लिजनेअर नावाच्या फुप्फुसाच्या आजाराने बारा जण गेले होते.

मला नोकरीतली एक गोष्ट सांगावीशी वाटते. आमच्याकडे नमुना आणणारा माणूस कधीकधी बाटली हातात देताना म्हणायचा, “साहेब, नळ चांगला पाच मिनिटं सोडून मग भरलंय.” जंतूंच्या चाचणीसाठी ते बरोबर, नळाच्या तोंडाची घाण निघून जाते. शिशासाठी तेच केलं तर पाइपमध्ये रात्रभर मुरलेलं पाणी मोरीत जातं आणि बाटलीत येतं ते मुख्य वाहिनीचं ताजं पाणी. फ्लिंटमध्ये लोकांना दिलेल्या सूचनांत याच्या जवळचंच काही होतं, आदल्या दिवशी नळ सोडा. एकाच कृतीने एक चाचणी खरी होते आणि दुसरी खोटी.

२०११ मध्ये अमेरिकेच्या सरकारी लेखापरीक्षण कार्यालयाने १४ राज्यांचे २००९ चे कागद धरून एक अंदाज काढला. आरोग्याशी थेट संबंध असलेल्या उल्लंघनांपैकी २६ टक्के राज्यांनी केंद्राला कळवलीच नव्हती किंवा चुकीची कळवली होती. चाचणी न केल्याच्या उल्लंघनांत हे प्रमाण ८४ टक्के. मी आमच्या कार्यालयातल्या रजिस्टरांचा विचार केला आणि अमेरिकेबद्दल थोडी आपुलकी वाटली. कुठल्याही काउंटीची उल्लंघनांची यादी वाचताना मी आता ती पाण्याची यादी म्हणून वाचत नाही. किती वेळा कोणी बाटली घेऊन नळापाशी गेलं, त्याची ती यादी. जिथे एकही नोंद नाही तिथे मी जरा जास्त वेळ थांबतो.

लेकीकडे पहिलं पत्र आलं त्याच आठवड्यात दुसरंही आलं. फ्लिंटनंतर नियम बदलले होते आणि १६ ऑक्टोबर २०२४ पर्यंत प्रत्येक पाणीपुरवठा व्यवस्थेला आपल्या जोडण्यांचे पाइप कशाचे आहेत याची यादी करावी लागली होती. शिशाचे, शिशाचे नाहीत, जस्ताचा लेप दिलेल्या लोखंडाचे, की अज्ञात. लेकीचं घर ‘अज्ञात’मध्ये होतं. पत्रात विनंती होती की तुम्हीच बघून कळवा.

संध्याकाळी आम्ही दोघं तळघरात उतरलो. मीटरच्या मागून एक पाइप भिंतीतून आत येतो. रंग उडालेला, धुळीने करडा. पत्रात लिहिल्याप्रमाणे आधी लोहचुंबक लावायचं होतं. फ्रिजवरचा गणपतीचा चुंबक काढून आणला. चिकटला नाही, म्हणजे लोखंड नव्हे. मग किल्लीने हलकेच खरवडायचं: शिसं असेल तर खाली चांदीसारखी चकाकी येते आणि पाइप मऊ लागतो. लेकीने मोबाइलचा दिवा धरला, मी घराची किल्ली दोनदा फिरवली. खालून पितळ-तांब्याच्या मधला रंग निघाला, नव्या सेंटच्या नाण्यासारखा. “तांबं,” मी म्हणालो. तिने फोटो काढला.

वर येऊन ती फॉर्म भरायला बसली. घराच्या बाजूचा पाइप कशाचा, यापुढे तिने ‘तांबं’ निवडलं आणि फोटो जोडला. पुढचा प्रश्न होता रस्त्यापासून भिंतीपर्यंतच्या तुकड्याचा. तो जमिनीखाली आहे, वर हिरवळ आहे आणि घर १९५३ सालचं आहे.

“काय लिहू, बाबा?”

मी म्हणालो, आहे तेच राहू दे. तिने पुन्हा ‘अज्ञात’वर टिचकी मारली आणि फॉर्म पाठवून दिला.